कित्त्यापासून निबंधापर्यंत : एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनशिक्षणाचा विचार

१

मराठी गद्याच्या इतिहासात ग्रंथ, ग्रंथकार आणि नियतकालिके यांची चर्चा विपुल झालेली आहे. व्याकरणाच्या आणि शुद्धलेखनाच्या वादांचा इतिहासही अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. परंतु या दोहोंच्या मध्ये पडणारा एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. एकोणिसाव्या शतकात जे लोक नव्या वळणाचे गद्य लिहू लागले, त्यांना ते लिहिण्यास कोणी शिकवले? आणि ज्यांनी शिकवले, त्यांना लेखन शिकविण्याची विद्या कोठून प्राप्त झाली?

हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा आहे असे समजून वाङ्मयेतिहासाने तो बाजूला ठेवला, आणि शिक्षणाच्या इतिहासकारांनी शाळांची संख्या, खात्याची रचना व क्रमिक पुस्तके यांच्या वर्णनात त्यास वाव दिला नाही. परिणामी अशी एक समजूत रूढ झाली आहे की, व्याकरण सिद्ध झाले, कोश सिद्ध झाला, विरामचिन्हे आली आणि त्यांच्या पाठोपाठ निबंधलेखन आपोआप अवतरले. ही समजूत कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही. भाषेची साधने ज्या मार्गाने वर्गात आली, त्या मार्गाने विचार मांडण्याची कला आली नाही. ती सभांतून, वृत्तपत्रांतून आणि मासिकांतून आली. ज्याच्यापुढे खरा वाचक किंवा श्रोता उभा होता, त्यालाच ती साधली. वर्गाने साधने स्वीकारली. वाचकाला मात्र वर्गात जागा मिळाली नाही. या विधानाचा आधार कोणता, आणि त्याला अपवाद कोठे आढळतो, हे पुढे क्रमाने पाहावयाचे आहे.

२

इंग्रजी अमलापूर्वी महाराष्ट्रात लेखन शिकविले जात नव्हते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पंतोजीच्या शाळेत मुलाचा हात प्रथम धुळाक्षरांवर फिरे. मग मुळाक्षरे, बाराखडी आणि जोडाक्षरे होत. त्यानंतर बोरू आणि शाई हाती येई, आणि पुढे ठेवलेला कित्ता गिरवून मोडीचे वळण बसे. अक्षरास केवढे महत्त्व होते याची साक्ष दासबोधातही सापडते. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेच्या निरूपणास वाहिलेला आहे. बालबोध अक्षराची घडण, ओळींतील अंतर, कडांचे समास, लेखणी, शाई, कागद आणि ग्रंथाची बांधणी यांविषयी समर्थांनी तेथे बारकाईने सांगितले आहे. तेथे लेखन म्हणजे ग्रंथाची नक्कल सिद्ध करण्याचे कौशल्य होय. मजकूर आधीच तयार आहे, तो निर्दोषपणे उतरविणे हे लेखकाचे काम, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. ‘लेखक’ या शब्दाचा हा जुना अर्थ ध्यानात घेतल्याशिवाय पुढील स्थित्यंतराचे मोल कळणार नाही.

दुसरी परंपरा दप्तराची. हेमाद्रीच्या नावाशी जोडल्या गेलेल्या मेस्तकापासून पेशवाईतील चिटणीशीपर्यंत पत्रलेखनाचे एक काटेकोर शास्त्र महाराष्ट्रात नांदत होते. वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, बरोबरीच्यास ‘राजमान्य राजश्री’. कोणास नमस्कार, कोणास आशीर्वाद आणि कोणास विज्ञापना. शेवट कोठे ‘हे विनंती’ असा करावयाचा. हे सर्व ठरलेले होते. शिवकालात राज्यव्यवहारकोशाने दप्तरातील फारशी शब्दांस संस्कृत पर्याय दिले, यावरूनही राज्यकारभार लेखनावर किती विसंबून होता ते कळते. हे लेखन पुस्तकातून शिकविले जात नसे. उमेदवार कारकून वडीलधाऱ्या कारकुनाजवळ बसे, मसुदे पाही, नकला करी, आणि कालांतराने स्वतः मसुदा करू लागे.

या पद्धतीला निव्वळ अनुकरणाची पद्धत म्हणून कमी लेखण्याची प्रथा आहे. परंतु तिच्यात एक मोठा गुण होता. दप्तरातील प्रत्येक पत्र कोणासाठी तरी लिहिलेले असे, आणि त्या पत्राने एखादे काम साधावयाचे असे. मायना चुकला तर मान दुखावे. मजकूर संदिग्ध राहिला तर वसूल अडे किंवा फौज भलत्या वाटेने जाई. उमेदवाराच्या लेखनाची परीक्षा व्यवहारच घेत असे. उणीव होती ती निराळ्या ठिकाणी. या शिक्षणाला ठराविक घराण्यांची व जातींची कुंपणे होती. आणि ते पत्राच्या साच्यापलीकडे जात नव्हते. अनोळखी माणसास एखाद्या सामान्य प्रश्नावर आपले मत पटवून द्यावयाचे, तर त्यासाठी कोणता मायना लिहावयाचा, याचे उत्तर दप्तराजवळ नव्हते.

३

इंग्रजी अमलात लेखनशिक्षणाची जी साधने निर्माण झाली, त्यांचा मूळ हेतू पाहण्यासारखा आहे. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि त्याचा मोडी लिपीत छापलेला कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही पुस्तके मराठी शिकू पाहणाऱ्या परकीयांसाठी होती. मोल्सवर्थच्या १८३१ मधील कोशाचे, आणि थॉमस कँडी यांच्या साहाय्याने १८५७ मध्ये निघालेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे मराठीवरील ऋण फार मोठे आहे. तरीही शब्दांचे अर्थ इंग्रजीत देणारा हा कोश मुख्यतः इंग्रजी जाणणाऱ्याच्याच उपयोगाचा होता. ज्यास भाषा अवगत नाही, त्यास प्रथम चूक टाळण्याचे नियम हवे असतात. ज्याची ती मातृभाषा आहे, त्याची गरज निराळी असते. त्याला वाक्य बोलता येते. अनेक वाक्ये जोडून एक विवेचन उभे कसे करावे, हे त्यास शिकावयाचे असते. परकीयाच्या गरजेतून घडलेली ही दृष्टी पुढे मराठी मुलांच्या शिक्षणातही उतरली, आणि निर्दोषता हेच लेखनशिक्षणाचे पहिले व शेवटचे लक्षण मानले जाऊ लागले.

एतद्देशीय मुलांच्या शिक्षणाचा सरकारी विचार माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या १८२३ च्या टिपणात स्पष्ट झाला. देशी शाळांतील शिकविण्याची रीत सुधारणे आणि त्यांस पुस्तके पुरविणे या गोष्टींस त्याने अग्रस्थान दिले. शालापुस्तकांसाठी १८२२ मध्ये मुंबईत स्वतंत्रपणे उभी राहिलेली संस्था १८२७ पासून ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या कार्यात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्याबरोबर सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांचा वाटा फार मोठा होता. बर्क्विन या फ्रेंच ग्रंथकाराच्या मुलांसाठी लिहिलेल्या कथांचा इंग्रजीवरून छत्रे यांनी केलेला ‘बाळमित्र’ १८२८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘इसापनीतिकथा’ हेही त्यांचेच काम. मुलांना वाचण्यासाठी सुबोध गद्य हवे होते, आणि ते पुरविण्याचा जवळचा मार्ग भाषांतराचा होता.

भाषांतर हीच या पिढीची लेखनशाळा झाली. तिचे लाभ उघड आहेत. परभाषेतील लांब वाक्य मराठीत आणताना कर्ता कोठे ठेवावा, गौण वाक्ये कशी तोडावी, आणि ‘जो–तो’, ‘जर–तर’, ‘यद्यपि–तथापि’ ही जोडणी कोठे करावी, याचा विचार भाषांतरकारास पदोपदी करावा लागतो. गद्याला लवचीकपणा येण्यास ही तालीम उपकारक ठरली. परंतु भाषांतरात विषय, क्रम आणि प्रमाणे ही सर्व मूळ ग्रंथकाराची असतात. काय सांगावे, कोठून आरंभ करावा आणि कोणता आक्षेप आधी निवारावा, हा लेखनातील कठीण भाग भाषांतरकाराच्या वाट्यास येतच नाही. जुना नकलनवीस अक्षरशः उतरवीत होता. भाषांतरकार अर्थशः उतरवू लागला. प्रगती खरी होती. मजकूर मात्र अजूनही दुसऱ्याचा होता.

१८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आले. मराठी माणसाने मराठी विद्यार्थ्यासाठी आपल्या भाषेची व्यवस्था लावून दाखविण्याचा हा प्रयत्न नव्या शिक्षणाचा आधारस्तंभ ठरला. १८५० मध्ये मेजर कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. या लहानशा पुस्तकाचे महत्त्व व्याकरणाहून निराळ्या प्रकारचे आहे. मोडीतील मजकूर सलग धावे. शब्दाशब्दांत अंतर नाही, वाक्य कोठे संपले याची खूण नाही. दप्तराची सवय असलेल्या वाचकास ते खटकतही नसे, कारण ठराविक शब्दांवरून त्यास वाक्याचा शेवट ओळखता येई. साचा माहीत नसलेल्या मजकुरास ही सोय नव्हती. अपरिचित वाचकाने नवा विचार एकदाच वाचून समजून घ्यावा, अशी अपेक्षा निर्माण झाली तेव्हाच विरामचिन्हांची गरज भासली. अर्धविराम कोठे द्यावा हे ठरविण्यासाठी लेखकास आपल्या विचाराचे सांधे स्वतःस दिसावे लागतात. तेव्हा विरामचिन्हे हे विचारशिक्षणाचे साधन होऊ शकले असते. शाळेत मात्र ती बहुधा नियमांच्या यादीच्या रूपाने पोहोचली; ज्या वाचकासाठी ती खूण करावयाची, तो वाचक यादीबरोबर आला नाही.

४

अध्यापकांस तयार करण्याचा स्वतंत्र वर्ग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८४५ च्या सुमारास चालू झाला, आणि त्याचे प्रमुखत्व बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आले. १७ मे १८४६ रोजी बाळशास्त्र्यांचा अकाली अंत झाला. त्यानंतर हे काम दादोबांकडे गेले. मराठी शिक्षकांचे हे पहिले दोन शिक्षक कोण होते, हे येथे निर्णायक आहे. बाळशास्त्र्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले होते आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले होते. दादोबा वैयाकरण तर होतेच, शिवाय लवकरच ते एका निबंधसभेचे अध्यक्ष झाले. शिक्षकांस लेखन कसे शिकवावे हे सांगणारा मराठी ग्रंथ त्यांच्यापुढे नव्हता. त्यांच्याजवळ जे होते, ते संपादकाच्या आणि ग्रंथकाराच्या स्वानुभवाचे ज्ञान.

‘दर्पण’चे स्वरूप या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एका पृष्ठावर दोन स्तंभ : एक इंग्रजी, दुसरा मराठी. भाषांतराची तालीम येथेही आहे. परंतु विषय आता लेखकाने निवडावयाचा आहे, आणि ज्याने वर्गणी भरली आहे तो वाचक तो वाचणार आहे. त्याला न पटल्यास तो पत्र लिहून कळवू शकतो. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये असा देवघेवीचा संबंध मराठीत छापील अक्षराने प्रथमच निर्माण केला.

वर्ग आणि वृत्तपत्र यांना जोडणारी तिसरी संस्था १८४८ मध्ये उदयास आली. एल्फिन्स्टनमधील विद्यार्थ्यांनी व तरुण अध्यापकांनी मिळून ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तिची मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. तिचे अध्यक्षपद दादोबांकडे होते. या सभेत सभासदांनी निबंध लिहून आणावे, वाचावे आणि त्यावर विचार व्हावा, असा क्रम होता. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले, आणि सभेत वाचलेल्या निबंधांस छापील वाचकही लाभला. हे मासिक १८६७ पर्यंत चालले. याच संस्थेच्या सभासदांनी १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभी त्यांत स्वतः शिकविण्याचेही काम केले. म्हणजे लिहावयास शिकणारा आणि शिकवावयास शिकणारा तरुण येथे एकच होता.

सभेत निबंध वाचणे आणि वर्गात निबंध लिहून देणे यांतील भेद लहान नाही. वर्गात शिक्षकास विषय आधीच ठाऊक असतो. विद्यार्थ्याने त्यास नवे काही सांगावे अशी अपेक्षा नसते. सभेतील श्रोत्यास विषय ठाऊक नसतो, म्हणूनच तो ऐकावयास आलेला असतो. त्याला पारिभाषिक शब्द अडतो, उदाहरण नसले तर कंटाळा येतो, आणि युक्तिवादात खोट असली तर तो शंका काढतो. वर्गात चूक तांबड्या शाईने दाखविली जाते. सभेत ती श्रोत्याच्या चेहऱ्यावर दिसते. ‘ज्ञानप्रसारका’तील लेखांत भूगोल, पदार्थविज्ञान, इतिहास, व्यापार यांसारखे विषय सामान्य वाचकास समजतील अशा बेताने मांडण्याची जी खटपट दिसते, ती या श्रोत्याने शिकविलेली आहे. त्या लेखांचे वाङ्मयीन मोल बेताचेच असेल. परंतु मराठी मनुष्य सामान्य विषयावर सामान्य वाचकासाठी क्रमवार लिहिण्यास कसा शिकला, याचे ते अस्सल साधन आहे.

५

याच सुमारास पुण्यामुंबईच्या वाचकांपुढे दप्तरी पत्राचा जुना साचा अगदी नव्या कामास लागलेला दिसतो. भाऊ महाजन यांनी १८४१ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात गोपाळ हरि देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने १८४८ पासून १८५० पर्यंत पत्रे लिहिली. ‘शतपत्रे’ या नावाने ती प्रसिद्ध असली तरी त्यांची संख्या १०८ आहे. लेखनास आरंभ झाला तेव्हा देशमुखांचे वय पंचवीस वर्षांचे होते.

या लेखनाच्या सामाजिक आशयाची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे पाहावयाची ती त्याची घडण. लेखकाने निबंधाचा परका साचा घेतला नाही, पत्राचा परिचित साचा घेतला. एक पत्र, एक विषय, लांबी बेताची, संबोधन थेट. जुन्या पत्रात मायन्यावरून वाचकाची पायरी ठरे. येथे वाचक अमुक एक गृहस्थ नसून सर्व समाज आहे, म्हणून पायरीचा प्रश्नच उरत नाही. कारकुनी पत्रातील काम एका माणसाकडून करवून घ्यावयाचे असे. येथे पुष्कळांची मते पालटावयाची आहेत. चिटणीशीने दोन शतके जतन केलेली जी गोष्ट, म्हणजे आपण कोणासाठी लिहीत आहोत याची सतत जाणीव, ती या पत्रांतून नव्या गद्यात आली. मराठी निबंध सर्वस्वी इंग्रजी ‘एसे’च्या अनुकरणाने जन्मला असे मानणाऱ्यांनी या दुव्याचा विचार केला पाहिजे. पत्राची सवय मोडून निबंध उभा राहिलेला नाही. पत्राचा वाचक विस्तारत गेला आणि त्यातून निबंध आकारास आला.

६

आतापर्यंतच्या विवेचनात शाळा एका बाजूस आणि वाचक दुसऱ्या बाजूस असे चित्र आले. त्यास एक अपवाद आहे, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च या दोन अंकांत ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध छापला गेला. तो पुण्यातील जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील मुलीने लिहिलेला होता. तिचे वय सुमारे चौदा वर्षांचे होते. तिचे शिक्षण थोड्याच वर्षांचे. तिच्या घराण्यात दप्तराची परंपरा असण्याचा प्रश्नच नव्हता.

निबंधाची रचना पाहिली असता ती नियमांच्या पाठांतरातून आलेली नाही हे कळून येते. मुक्ता प्रतिपक्षाचे विधान प्रथम मान्य करते : वेद केवळ ब्राह्मणांचे आहेत आणि इतरांस ते पाहण्याचा अधिकार नाही. मग त्या विधानाचा अपरिहार्य निष्कर्ष ती काढून दाखविते. तसे असेल, तर आमच्याजवळ धर्मग्रंथ नाही. आणि ग्रंथ नाही, तर आम्ही धर्मावाचून आहोत. पूर्वपक्ष स्वीकारून त्याला त्याच्याच पायांनी अडचणीत नेण्याची ही रीत शास्त्रार्थाची आहे. ज्यांना शास्त्र शिकण्यास मज्जाव होता, त्यांच्यातील एक मुलगी ती वापरीत आहे. त्यानंतर ती प्रमाणांकडे वळते. बाजीरावाच्या राज्यातील जुलूम, तालीमखान्यावरून जाणाऱ्यांची गत, प्रसूतीच्या वेळी डोक्यावर छप्परही नसलेल्या स्त्रियांची अवस्था. ही प्रमाणे पुस्तकातील नाहीत, जातीच्या स्मृतीतील व डोळ्यांपुढील आहेत. शेवटी तिचे संबोधन बदलते. आरंभी ती ईश्वरास आणि वरच्या वर्णांस उद्देशून बोलते. अखेरीस आपल्याच मांग–महार बांधवांकडे वळून ज्ञानाचे औषध घेण्यास सांगते. कोणास काय सांगावयाचे याचा इतका स्पष्ट विवेक त्या काळच्या अनेक विद्वानांच्या लेखांतही आढळत नाही.

येथे एक शंका घेतली जाईल. विद्यार्थिनीच्या लेखनावर शिक्षकाचा किंवा संपादकाचा हात फिरला नसेल कशावरून? शब्द दुरुस्त केले गेले असणे संभवते. लेखनशिक्षणात तसे होणे स्वाभाविकही आहे. परंतु प्रसूतीसमयीच्या हालांचे प्रमाण निबंधात यावे, हे दुरुस्तीने साधणारे नाही. ते ज्याने भोगले अथवा पाहिले, त्याच्याच विचारक्रमात येते. शिवाय शंका खरी मानली तरी एक गोष्ट शिल्लक राहतेच. त्या शाळेतील शिक्षकांनी मुलीपुढे निरुपद्रवी विषय व त्याचा कित्ता ठेवला नाही. तिला जे सांगावयाचे होते तो विषय लेखनास योग्य मानला, आणि ते लेखन शाळेच्या भिंतीबाहेर वाचकाकडे जाऊ दिले. लेखन शिकविण्याच्या विद्येतील दोन मूलतत्त्वे त्यांनी कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय आचरणात आणली होती.

७

१८५५ मध्ये शिक्षणखात्याची स्थापना झाली आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ अस्तित्वात आले. शाळा वाढल्या, कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तकांची माला सिद्ध झाली, आणि शिक्षकांसाठी १८६१ मध्ये ‘मराठी शालापत्रक’ निघाले. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखत्व कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्याकडे आल्यावर शालापत्रकाचे संपादनही त्यांच्याकडे आले. शिक्षकांचा शिक्षक हाच संपादक असावा, ही बाळशास्त्र्यांपासूनची परंपरा येथे पुन्हा दिसते.

तिचे सर्वांत मोठे फळ म्हणजे विष्णुशास्त्री. १८६८ पासून, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षापासून, ते शालापत्रकाचे काम पाहू लागले. वडिलांनी आरंभिलेले ‘रासेलस’चे भाषांतर त्यांनी पुरे केले. १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि तिचे ८४ अंक निघाले. या क्रमातील पायऱ्या सहज ओळखू येतात : भाषांतर, मासिकाचे संपादन, आणि मग स्वतंत्र निबंध. सबंध पिढ्यांनी मिळून जो मार्ग आक्रमिला, तोच एका माणसाच्या सात-आठ वर्षांत पुन्हा घडला. ‘माले’त भाषापद्धती आणि लेखनशुद्धी हे स्वतंत्र निबंधांचे विषय झाले, यावरून लेखन शिकविणे हे तिचे एक उद्दिष्ट होते हे उघड आहे. विष्णुशास्त्री सरकारी शाळांत अध्यापक होते. परंतु त्यांच्या हातून लेखनाचे जे शिक्षण महाराष्ट्रास मिळाले, ते फळ्यासमोर उभे राहून दिलेल्या शिक्षणापेक्षा अंकांतून दिलेले अधिक होते.

विद्यापीठात याच काळात उलटी गती होती. आरंभीच्या वर्षांत वरच्या परीक्षांत मराठीला जे स्थान होते, ते १८६० नंतरच्या दशकात गेले. अभिजात भाषांस प्राधान्य देण्याच्या या धोरणाविरुद्ध महादेव गोविंद रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीचा एम. ए. च्या परीक्षेत प्रवेश झाला. मधल्या तीन-चार दशकांत उच्च शिक्षण घेतलेला मराठी पदवीधर इंग्रजीत निबंध लिहिण्याची परीक्षा देत होता, आणि मराठी लिहावयास शिकत होता तो ‘विविधज्ञानविस्तार’, ‘केसरी’ यांसारख्या पत्रांत. खालच्या शाळांत मराठी निबंध राहिला, परंतु तो परीक्षेसाठी. ज्याला विषय ठाऊक आहे, मत बदलावयाचे नाही, आणि केवळ गुण द्यावयाचे आहेत, असा परीक्षक त्याचा एकमेव वाचक झाला. अशा वाचकासाठी लिहिताना निर्दोषतेपलीकडे काही साधण्याचे कारण उरत नाही. शब्दसंग्रह, सुभाषिते व तयार परिच्छेद पाठ करून निबंध ‘भरण्याची’ जी रीत पुढे बोकाळली, तिचा उगम विद्यार्थ्याच्या आळसात शोधण्याऐवजी या वाचकाच्या स्वरूपात शोधला पाहिजे.

८

विसाव्या शतकात अध्यापनशास्त्राला स्वतंत्र महाविद्यालये लाभली. मुंबईचे सेकंडरी टीचर्स ट्रेनिंग कॉलेज १९०६ मध्ये निघाले. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक चौदा नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले, आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. हे प्रमाणीकरण आवश्यक होते. मुद्रणाच्या व शिक्षणाच्या विस्तारास एकच लेखनपद्धती हवी होती, यात शंका नाही. तथापि नियमांचा निर्णय झाला म्हणजे लेखनशिक्षणाचा निर्णय झाला, असा जो समज त्याबरोबर पसरला, तो जुन्या गोंधळाची पुनरावृत्ती होती. कित्ता, व्याकरण, विरामचिन्हे आणि शुद्धलेखन या साधनांच्या मालिकेत आणखी एका साधनाची भर पडली. ती साधने कोणासाठी वापरावयाची, हा प्रश्न होता तेथेच राहिला.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे योग्य होईल. सभा आणि वृत्तपत्रे यांत लिहिणारे लोक शाळेतच अक्षर, व्याकरण आणि इंग्रजी शिकले होते. मग त्यांच्या लेखनाचे श्रेय शाळेला का देऊ नये? आक्षेपात तथ्य आहे. लोकहितवादींच्या हाताला वळण नसते, किंवा मुक्तेला कोणी मुळाक्षरे शिकविली नसती, तर दोघांचेही लेखन झाले नसते. साधनांचा अनादर करणारा निष्कर्ष या इतिहासातून निघत नाही. मात्र साधने असूनही लेखन न साधल्याची उदाहरणे असंख्य आहेत, आणि खरा वाचक लाभताच थोड्या साधनांनी मोठे लेखन साधल्याचे उदाहरण १८५५ मध्ये मिळते. दोन्ही अंगे आवश्यक आहेत. शिक्षणसंस्थांनी त्यांपैकी एकच अंग आपल्या व्यवस्थेत घेतले, एवढेच येथे प्रतिपाद्य आहे.

या दृष्टीने पाहता मराठी विभागांपुढे संशोधनाचे एक विस्तृत क्षेत्र मोकळे आहे. ‘मराठी ज्ञानप्रसारक’, ‘शालापत्रक’ आणि ‘ज्ञानोदय’ यांच्या जुन्या फायली आजवर वाङ्मयेतिहासाची किंवा समाजसुधारणेची साधने म्हणून चाळल्या गेल्या. त्याच फायली लेखनशिक्षणाची दप्तरे म्हणून वाचल्या पाहिजेत. सभेतील निबंध छापताना कोणते फेर झाले, शिक्षकांना शालापत्रकाने लेखनाविषयी कोणते प्रश्न विचारले, विद्यार्थ्यांचे लेखन कोठे कोठे प्रसिद्ध झाले, आणि कोणत्या समाजांतील विद्यार्थ्यांचे झाले नाही, हे पाहिले म्हणजे मराठी गद्याच्या घडणीचे आजचे चित्र पुष्कळ अंशी बदलण्याचा संभव आहे. त्या अभ्यासाचा उपयोग केवळ इतिहासापुरता राहणार नाही. भाषाविषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने लिहिलेला प्रबंधही बहुधा परीक्षकाखेरीज कोणी वाचत नाही. त्या विद्यार्थ्यास उद्या दुसऱ्यांना लेखन शिकवावयाचे असते. १८४८ च्या तरुणांनी आपल्या निबंधांसाठी प्रथम एक सभा निर्माण केली, आणि मग ते शिकवावयास गेले. हा क्रम त्यांना कोणी सांगितला नव्हता; त्यांच्या कार्याची फलश्रुती मात्र त्याची यथार्थता सिद्ध करते.